व्हॅक्यूम क्लीनर आणा, पण आधी गादीला खोळ घाला

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या विनंतीवरून नाव छापलेलं नाही, आणि पत्र थोडं आटोपशीर केलं आहे.

"आमचं घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. जांभ्याच्या जुन्या भिंती, वर कौलं, खाली आता लाद्या बसवल्यात. मुलगा नऊ वर्षांचा आहे. सकाळी उठला की शिंकांची माळ लागते, नाक गळतं, डोळे चोळून चोळून लाल होतात. पावसाळ्यात रात्री छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज येतो. चिपळूणच्या डॉक्टरांनी धुळीची ॲलर्जी आहे असं सांगून नाकात मारायचा स्प्रे आणि तोंडाने ओढायचा पंप दिला. मुंबईचे दीर म्हणतात, गणपतीला येताना व्हॅक्यूम क्लीनर घेऊन येतो, मग घरात धूळ म्हणून राहणार नाही. सासूबाईंना ते पटत नाही. दोन वेळा केर काढते, लादी पुसते, आपल्या घरात धूळ आहेच कुठे, असं त्यांचं म्हणणं. पंपाची मुलाला सवय लागेल ही भीती त्यांना वेगळीच. यंत्र आणलं तर मुलाचा त्रास जाईल का? कुठलं घ्यावं? की पैसे पाण्यात जातील?"

ताई, यंत्राला माझा विरोध नाही. पण दीर म्हणतात तसं काही होणार नाही, आणि मुलाच्या शिंका नुसत्या यंत्राने थांबतील असंही मी तुम्हाला सांगणार नाही. तुमच्या घरात व्हॅक्यूमचा नंबर तिसरा. पहिला अंथरुणाचा, दुसरा ओलीचा. हा क्रम पाळलात तर यंत्राचे पैसे सत्कारणी लागतील. नाहीतर दिवाळीपर्यंत ते माळ्यावर जाऊन बसेल, बिघडलेल्या मिक्सरच्या शेजारी.

आधी सासूबाईंची बाजू घेते. त्या चुकीचं बोलत नाहीत. तुमची लादी स्वच्छच असणार, मला शंका नाही. पण ज्याने मुलाला शिंका येतात ते बहुधा लादीवर नाहीच. ते गादीत आहे, उशीत आहे, वाकळीच्या टाक्यांमध्ये आहे. डॉक्टर 'धुळीची ॲलर्जी' म्हणतात तेव्हा रस्त्यावरची लाल माती त्यांच्या मनात नसते. घरातल्या धुळीत राहणारा डस्ट माइट नावाचा एक जीव असतो. किडा म्हणायचा, पण कुळ कोळ्याचं, पाय आठ. आकार मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, म्हणजे डोळ्यांना दिसणार नाही असा. तो ढेकणासारखा चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून रोज झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर त्याचं पोट भरतं. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे. माइट मेला तरी ती विष्ठा गादीत तशीच राहते आणि त्रास देत राहते. 'मारायचं औषध फवारलं तरी शिंका काही जात नाहीत' अशी तक्रार जी ऐकू येते, तिचं उत्तर यातच आहे.

या जीवाला तोंडाने पाणी प्यावं लागत नाही. हवेतली वाफ तो अंगानेच शोषून घेतो. हवेतली आर्द्रता बराच काळ 50 टक्क्यांखाली राहिली तर तो सुकून मरतो. 70-80 टक्क्यांत त्याची चंगळ असते. आता तुमचंच गाव बघा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये मीठसुद्धा बरणीत पाणी सोडतं. 1960 च्या दशकात हॉलंडमधल्या लायडन इथल्या संशोधकांनी घरातल्या धुळीच्या ॲलर्जीचं मूळ माइटमध्ये आहे हे दाखवून दिलं, तेव्हा त्यांनाही घराची ओल आणि माइट यांचा संबंध लक्षात आला होता. तोही देश समुद्राकाठचा आणि दमट.

मुलाला शिंका सकाळीच का येतात तेही यावरून कळेल. रात्रभर आठ-नऊ तास नाक उशीत असतं. माइटच्या विष्ठेचे कण तसे जड, साधारण 10 ते 40 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ते हवेत तरंगत राहत नाहीत, अर्ध्या तासात खाली बसतात. पण कूस बदलली, उशी थोपटली, पांघरूण झटकलं की उडतात, आणि नाक तर तिथेच असतं.

आता यंत्राकडे येऊ. हातात धरून फिरवायचा विजेचा व्हॅक्यूम क्लीनर ज्याने बनवला, तो जेम्स मरी स्पँग्लर अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावात एका दुकानात सफाईचं काम करायचा. त्याला दमा होता. गालिचे झाडताना उडणाऱ्या धुळीने जीव कासावीस व्हायचा, म्हणून त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एक यंत्र उभं केलं. 1908 मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि ते हूव्हर नावाच्या व्यापाऱ्याने विकत घेतलं. म्हणजे तुमच्या मुलासारख्याच एका माणसाची ही निर्मिती. पण त्याला साफ करायचे होते ते गालिचे. गालिचा पुसता येत नाही, म्हणून शोषून घ्यायचं यंत्र. तुमच्याकडे गालिचा नाही. लादी आहे, आणि लादीवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली की फडक्यात जाते, बादलीत जाते, घराबाहेर जाते. त्या कामाला व्हॅक्यूम यापेक्षा फार काही जास्त करत नाही.

केरसुणीबद्दल मात्र सासूबाईंना एक सांगावं लागेल. कोरड्या केरसुणीने केर काढला की बारीक धूळ उडते, थोड्या वेळाने पुन्हा खाली बसते, आणि मध्ये मुलगा ती ओढून घेतो. म्हणून खोलीत मुलगा नसताना केर काढावा, आधी हाताने पाणी शिंपडून घ्यावं आणि लगेच पुसून घ्यावं. खळ्यातला खराटा वेगळा, तो बाहेरचा आहे, त्याचं काही बिघडत नाही. लक्ष्मीची केरसुणी घराबाहेर घालवा असं मी म्हणत नाही. तिची वेळ बदला एवढंच.

आता गादी. इथे जरा थांबणार आहे, कारण मुलाचं सुख निम्म्याच्या वर इथेच आहे.

गादी व्हॅक्यूम केली की तिच्या पृष्ठभागावरची विष्ठा आणि कोंडा निघतो. जिवंत माइट मात्र धाग्याला घट्ट धरून बसतात, आणि पुष्कळसे तर आत खोलवर असतात. वरचं काढलं की काही दिवसांत आतून पुन्हा वर येतं. खोळ न घालता दर आठवड्याला गादी व्हॅक्यूम करत बसणं म्हणजे गळकं कौल तसंच ठेवून खालची लादी पुसत बसणं. म्हणून आधी खोळ. बाजारात डस्ट माइटसाठीच्या चेनवाल्या खोळी मिळतात. त्यांचं कापड इतकं घट्ट विणलेलं असतं की छिद्र 10 मायक्रॉनपेक्षा लहान राहतं. हवा जाते, घाम सुकतो, पण माइट आणि त्याची विष्ठा आरपार येत नाही. गादीला एक, उशीला एक, आणि खोळ सगळ्या बाजूंनी बंद होणारी हवी. नुसती वरून अंथरायची नको. मुलाच्या गादीला घेतलीत तरी सुरुवात झाली. मुलगा आजीजवळ झोपत असेल तर आजीच्या गादीलाही लागेल, हे विसरू नका. पैशांची ओढाताण असेल तर रेक्झिनची चेनवाली खोळ आणि तिच्यावर सुती चादर, हाही उपाय चालतो. फक्त मे महिन्यात पाठीला घाम येतो.

कापसाची जुनी गादी असेल आणि तिच्यात गाठी झाल्या असतील, तर पिंजून घ्यायचा मोह होईल. पिंजारी दारात आला की मुलाला त्या दिवशी आजोळी धाडा. पिंजताना जी धूळ उडते ती तुम्ही पाहिलीच असेल. काथ्याच्या गादीत माइट होत नाहीत असं कुणी सांगेल, ते खरं धरू नका. तिलाही खोळ लागतेच. त्यापेक्षा सोपा मार्ग असा की मुलाला पातळ गादी द्या, जिला खोळ घालणं सोपं आणि उन्हात टाकणं त्याहून सोपं. किंवा पुसता येणाऱ्या चटईवर दुमडलेल्या दोन धुतलेल्या चादरी. आपल्या आजोबा-पणजोबांची पिढी अशीच झोपायची.

चादर, अभ्रा, पांघरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा. गरम म्हणजे 55-60 अंश. त्याखालच्या पाण्यात विष्ठेतलं प्रथिन बरंचसं विरघळून निघून जातं, पण माइट वाचतात. तुमच्याकडे न्हाणीत चूल असेल, सोडणं आणि चुडतं जाळून पाणी तापतच असेल, तर हे काम फुकटात होतं. उकळतं पाणी आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं घेतलं की साधारण 60 च्या आसपास येतं; उकळतं जरा जास्तच घ्या, कारण बादली आणि कपडे दोन्ही उष्णता ओढतात. झाकण ठेवून अर्धा तास भिजू द्या. हात घालून बघू नका, आणि मूल आसपास नसताना हे करा.

तुम्ही म्हणाल, जुलैत वाकळ वाळणार कुठे? बरोबर आहे. म्हणूनच पावसाळ्यात वाकळ मुलापासून दूर ठेवावी. ती आजीने शिवलेली असेल, तिच्यात माया असेल, पण धुता येत नाही आणि धुतली तर आठवडाभर दमट राहते. आगोटीच्या दिवसांत, पाऊस यायच्या आधी, जशी लाकडं-मसाला भरता तशी वाकळ कडक उन्हात वाळवून, झटकून, घट्ट बंद पिशवीत टाका. पावसाळ्याला पातळ सोलापुरी चादरी, दोन-तीन जोड. एखादी दमट राहिली तर इस्त्री फिरवा. इस्त्रीच्या उष्णतेने ओलही जाते आणि माइटही मरतो.

ऊन मिळालं की सोडू नका. ऑक्टोबर लागला की गाद्या खळ्यात. उन्हात गादी सुकते आणि वरचे माइट मरतात. त्यानंतर काठीने बडवायचं ते बाहेरच, वाऱ्याच्या दिशेने, मुलगा घरात असताना.

मऊ खेळणी ही एक अडचण. मुलाचं अस्वल, हत्ती, जे काही कुशीत घेऊन झोपतो ते फ्रीजरमध्ये पिशवीत बांधून एक दिवस ठेवलं की माइट मरतात. नंतर मात्र ते धुवायला लागतं, कारण मेलेल्या माइटची घाण तिथेच असते. पिशवी दोन पदरी करा. नाहीतर फ्रीजरमध्ये बांगडे असतील तर अस्वलाला कोळीवाड्याचा वास येईल आणि मुलगा ते घेणार नाही. ती एक वेगळीच सुटका, पण आपण ती योजलेली नाही.

ओलीचं थोडक्यात. मुलगा झोपतो त्या खोलीत कपडे वाळत घालू नका, ते पडवीत. कपाट भिंतीला चिकटलेलं असेल तर हातभर नाही, पण चार बोटं तरी पुढे ओढा. कपाटाच्या मागे आणि खालच्या खणात बुरशी बघा. बुरशी ही वेगळी ॲलर्जी, तिच्यासाठी व्हॅक्यूम वापरायचा नाही. साधं यंत्र तिची बीजं उलट खोलीभर उडवतं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं टाकून द्या. ब्लीच वापरणार असाल तर त्यात व्हिनेगर, ॲसिड, अमोनिया काहीही मिसळू नका. विषारी वायू होतो. तांदळाची कणगी किंवा पिंप मुलाच्या खोलीत असेल तर ते तिथून हलवा. धान्यात वेगळ्या जातीचे माइट असतात आणि त्यांचीही ॲलर्जी होते. झुरळं असतील तर तेही कारण. त्यांच्या विष्ठेने आणि अंगाच्या तुकड्यांनीही दमेकरी मुलांना त्रास होतो. मांजर अंथरुणात झोपत असेल तर त्याची जागा ओटीवर. आणि रात्री मच्छर अगरबत्ती लावत असाल तर ती बंद. तिचा धूर ॲलर्जी करत नाही, पण चिडलेल्या श्वासनलिकेला अजून चिडवतो. मच्छरदाणी लावा आणि तीही दर पंधरा दिवसांनी धुवा.

आता तिसरा नंबर, ज्याच्यासाठी तुम्ही पत्र लिहिलंत.

व्हॅक्यूमचं खरं काम तुमच्याकडे कुठे आहे? खोळ घातलेल्या गादीवरून दर आठवड्याला एक फेरा. सोफा, खुर्चीच्या गाद्या. खिडक्यांची मच्छरजाळी, जिला पुसलं की चिखल होतो. वासे, जळमटं, पुस्तकांचं कपाट, ट्रंकेचा तळ. आणि सगळ्यात मोठं काम गणपतीच्या आधीच्या आठवड्यात. हे मुंबईच्या दिरांनाही समजावा, कारण त्या आठवड्यात मुलाचे हाल होतात ते त्यांच्याच स्वागतासाठी. चाकरमानी येणार म्हणून बंद खोल्या उघडतात, माळ्यावरून मखर आणि पितळेची भांडी खाली येतात, वीस माणसांच्या अंथरुणांची गाठोडी सुटतात. वर्षभर दमट अंधारात पडलेली. ती झटकली की ओटीपर्यंत धुरळा येतो. त्या दोन-तीन दिवसांत मुलाला माळ्याजवळ फिरकू देऊ नका. ज्यांच्याकडून काम होतंय त्यांनी एन-95 मास्क लावावा. गाठोडी घरात सोडू नका, पडवीत सोडा. ट्रंक आणि माळा आधी व्हॅक्यूमने घ्या, मग ओलं फडकं. वरून खाली या, उलटं नको. चौथीच्या आधी चार दिवस हे उरकलं तर बाप्पा येईपर्यंत उडालेली धूळ बसलेली असेल.

कुठलं घ्यावं? दुकानात किंवा दारात विकायला आलेला माणूस तुमच्या गादीवर पांढरं फडकं लावून यंत्र फिरवेल आणि काळं वर्तुळ दाखवेल. त्याला भुलू नका. कुठल्याही गादीतून काळं निघतंच. त्यावरून यंत्र धूळ ओढतं हे कळलं, ती धूळ मागून पुन्हा खोलीत सोडतं का, ते कळलं नाही. विचारायचा प्रश्न तो आहे. यंत्र हवा पुढून ओढतं आणि मागून सोडतं. मध्ये गाळणी चांगली नसेल किंवा झाकणाच्या सांध्यातून हवा गळत असेल तर बारीक धूळ बाहेर येते, आणि वापरताना खोलीतली ॲलर्जी उलट वाढते. म्हणून हेपा फिल्टर बघा. ही गाळणी 0.3 मायक्रॉनच्या कणांपैकी 99.97 टक्के अडवते, अशी तिची अमेरिकेतली व्याख्या. युरोपच्या मोजणीत एच13 असा शिक्का असतो. पण खोक्यावर 'हेपा टाइप', 'हेपासारखा' असं लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही. माझ्या मते 99 पुढचे दशांश बघण्यात वेळ घालवण्यापेक्षा सांधे बघा. माइटचे कण मोठे आहेत, ते साध्या बऱ्या फिल्टरलाही अडतात. ते सुटतात सांध्यांतून. सगळं यंत्र हवाबंद आहे का, रबराची पट्टी नीट बसते का, फिल्टर बाहेर काढून पुन्हा घालताना कट्टकन बसतो का, हे हाताने करून बघा.

पिशवीचं यंत्र घ्या. बिनपिशवीचं डबेवालं स्वस्त पडतं, पिशव्यांचा खर्च वाचतो, हे खरं. पण डबा रिकामा करताना जो धुरळा उडतो त्यात सगळी मेहनत परत तोंडावर येते. ॲलर्जीच्या घरात दोन-तीन पदरी कागदाची किंवा कापडाची पिशवीच बरी. ती न उघडता फेकता येते. घरात डबेवालंच असेल तर परसात जा, वाऱ्याला पाठ करा, ओल्या वर्तमानपत्रावर रिकामं करून गुंडाळा, आणि ते काम मुलाच्या आईने करावं, तीही मास्क लावून.

यूव्ही उजेड टाकून गादीतले माइट मारणारी लहान यंत्रं हल्ली फार दिसतात. निळा उजेड दाखवतात. उजेड गादीत शिरत नाही आणि यंत्र एका जागी थांबतही नाही. त्यासाठी जादा पैसे देऊ नका. जमिनीवर आपोआप फिरणारं रोबोटिक यंत्रही तुमच्या घरात चालणार नाही. माजघर आणि ओटीमधल्या उंबरठ्यावर ते पहिल्याच दिवशी अडकेल, आणि लादी पुसणारी सासूबाईंसारखी माणसं घरी असताना त्याची गरजही नाही. वाफेने गादी साफ करणारं यंत्र पावसाळ्यात तर मुळीच नको. वाफ म्हणजे आणखी पाणी.

विकत घ्यायच्या आधी दुकानदाराला विचारा, पिशव्या आणि फिल्टर चिपळूण किंवा रत्नागिरीत मिळतात का, आणि दुरुस्तीला कुठे जावं लागतं. मुंबईत घेतलेलं यंत्र गुहागरात बिघडलं की दीर पुढच्या गणपतीपर्यंत येत नाहीत. वायर लांब असावी, वजन तुम्हाला माळ्याच्या शिडीवर पेलेल इतकंच. वॉट जास्त म्हणजे ओढ जास्त, असं गणित नसतं; आणि तुमच्याकडे व्होल्टेज कमी-जास्त होतं तिथे 1,600 वॉटचं यंत्र लावलं की घरातले दिवे मिणमिणतात ते वेगळं.

वापरताना सावकाश. घाईने ढकलत नेलं तर वरची धूळ नुसती हलते. गादीवर दोन्ही बाजूंनी, आडवं मग उभं. खिडक्या उघड्या. मुलगा त्या वेळी शाळेत असू दे, आणि झाल्यावर अर्धा तास तरी त्या खोलीत येऊ नये. चुलीची राख ओढू नका. बारीक राख फिल्टर लगेच तुंबवते, आणि एखादा निखारा जिवंत राहिला तर पिशवीच पेटते. ओली लादी, सांडलेलं पाणी तर नाहीच, मोटर जळेल.

या सगळ्याचा फायदा होईल का? प्रामाणिकपणे सांगते. 2008 मध्ये कोक्रेन नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने माइटवरच्या उपायांचे 54 अभ्यास एकत्र तपासले. खोळी, माइट मारायची औषधं असे उपाय जसे केले जातात तसे दमेकऱ्यांना उपयोगी पडल्याचं त्यांना दिसलं नाही. त्याआधी 2004 मध्ये मात्र अमेरिकेत सात शहरांतल्या 937 दमेकरी मुलांच्या घरी एकाच वेळी पुष्कळ उपाय केले गेले. गादी-उशीला खोळ, हेपा व्हॅक्यूम, झुरळांचा बंदोबस्त, घरच्यांना समजावणं, सगळं एकत्र. त्या मुलांचे त्रासाचे दिवस कमी झाले. दोन्ही मिळून मला एवढंच दिसतं की एकट्या यंत्रावर पैसे लावू नयेत, आणि मुलाला नेमकी कसली ॲलर्जी आहे ते आधी कळायला हवं. डॉक्टरांना स्किन प्रिक टेस्टबद्दल विचारा. हातावर थेंब टाकून हलकेच टोचतात, पंधरा-वीस मिनिटांत कळतं. माइट असेल तर वरचं सगळं. झुरळ निघालं तर व्हॅक्यूम चौथ्या नंबरवर जाईल. टेस्टच्या आधी कुठल्या गोळ्या बंद करायच्या ते डॉक्टरच सांगतील, तुम्ही ठरवू नका.

सासूबाईंना पंपाबद्दल समजावणं तुमच्यावर आहे, पण हे त्यांच्यापुढे वाचून दाखवा: पंपाची सवय लागत नाही. त्यातलं औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून डोस गोळीपेक्षा पुष्कळ कमी लागतो. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद केला की त्रास उलटून येतो. लहान मुलाला स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावून द्या आणि स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायला लावा. गादीला खोळ घातली म्हणून पंप बंद करायचा नाही. आणि मुलगा श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, किंवा ओठ निळसर दिसले, तर स्प्रे, खोळ, यंत्र सगळं बाजूला ठेवून गाडी काढा. तेव्हा चिपळूण लांब वाटलं तर जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.

दिरांना फोन करून सांगा की यंत्राआधी गादी-उशीच्या खोळींचे दोन जोड पाठवा, एक मुलाचा, एक आजीचा. गणपतीला दोन-तीन आठवडे असताना त्या खोळी घालून बघा. सकाळच्या शिंका कमी होतात का याची नोंद ठेवा, डॉक्टरांना दाखवायलाही उपयोगी पडेल. मग यंत्र आणायचं की नाही ते ठरवा; आणि आणायचं झालंच तर त्याच यंत्राच्या पिशव्यांची दोन पाकिटं बरोबर आणायला सांगा, कारण त्या संपल्या की लोक जुनीच पिशवी झटकून वापरतात.